डॉक्टरताई, डबे फेकू का?

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की दिवस गेलेले असतील तर गरम आमटी प्लॅस्टिकच्या डब्यात ओतू नका. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी माझ्या आख्ख्या लेखांवर कधी आली नाहीत, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच, बाळाच्या हाडांचं काय. तेव्हा थायरॉइडवाली तीन पत्रं आणि एका काकूंची गुडघेदुखी पुढच्या महिन्यावर ढकलतेय, रागावू नका.

प्रश्न : ताई, मला पाचवा महिना चालू आहे. मी हिंजवडीला आयटीत आहे, कोथरूडहून जाऊन येऊन करते. चार वर्षं रोज घरचा डबा प्लॅस्टिकच्या डब्यात नेला आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तसाच गरम केला. आता व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की प्लॅस्टिकमधल्या केमिकलनी पोटातल्या बाळाची हाडं ठिसूळ होतात, तेव्हापासून झोप नाही. नवऱ्याने रविवारी घरातलं सगळं प्लॅस्टिक गोळा करून कचऱ्यात दिलं, त्यात सासूबाईंचे मसाल्याचे डबे पण गेले, त्यावरून वेगळंच महाभारत. सासूबाई म्हणतात आम्ही पण प्लॅस्टिक वापरलं, तुमची हाडं कुठे मोडली? कोणाचं खरं? आणि चार वर्षांत व्हायचं ते झालंच असेल ना? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : अगं, आधी शेवटचा प्रश्न घेते कारण झोप त्याच्यामुळे उडालीये. चार वर्षांचं साठलेलं वगैरे काही नाही. ज्या दोन केमिकलची सगळ्यात जास्त चर्चा असते, बीपीए आणि फ्थॅलेट, ती अंगात मुरत नाहीत. काही तासांत निम्मी होतात आणि एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर. शिसं जसं हाडात जाऊन वर्षानुवर्षं बसतं तसं यांचं नाही. मग तरी जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ती सापडतात कशी, तर आपण रोज नव्याने घेतो म्हणून. म्हणजे आजपासून कमी केलं तर आठवड्याच्या आत तुझ्या अंगातलं प्रमाण खाली येणार. सॅन फ्रान्सिस्कोला २०११ मध्ये पाच कुटुंबांवर एक छोटासा प्रयोग झाला होता, त्यांना तीन दिवस फक्त ताजं, डबाबंद नसलेलं, प्लॅस्टिकला न लागलेलं जेवण दिलं, तर लघवीतलं बीपीए साधारण दोन तृतीयांशाने उतरलं आणि डीईएचपी नावाच्या फ्थॅलेटचे अंश निम्म्याहून जास्त. तीन दिवसांत. माणसं फक्त वीस होती, पण मला हा प्रयोग आवडतो कारण त्यात पेशंटला हातात काहीतरी मिळतं.

आता मुळात हे असतं काय. प्लॅस्टिक म्हणजे एकच वस्तू नव्हे. कडक पीव्हीसीला मऊ करायला त्यात फ्थॅलेट घालतात, मऊ पीव्हीसीत वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत सुद्धा असतं, आणि ते प्लॅस्टिकला चिकटलेलं नसतं, कणकेत मोहन असतं तसं नुसतं मिसळलेलं, म्हणून उष्णता आणि तेल मिळालं की सुटून येतं. तुझ्या डब्यात नुसता थंड भात असता तर गोष्ट वेगळी, पण तेलाचा तवंग असलेला रस्सा, तो मायक्रोवेव्हमध्ये उकळेपर्यंत गरम, हे म्हणजे आमंत्रणच झालं. बीपीए वेगळं, त्यापासून पॉलिकार्बोनेट बनवतात, ते काचेसारखं पारदर्शक आणि कडक असतं. अन्नाच्या पत्र्याच्या डब्यांना आतून जो लेप असतो त्यातही ते असायचं. गंमत बघ, लंडनला १९३० च्या दशकात शास्त्रज्ञ कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या अंगातलं मुख्य हार्मोन, शोधत होते तेव्हा बीपीए तपासलं होतं आणि ते कमजोर का होईना पण इस्ट्रोजेनसारखं वागतं हे कळलेलं होतं. पॉलिकार्बोनेटचा शोध त्यानंतर, १९५३ चा. म्हणजे हे हार्मोनची नक्कल करतं ही बातमी प्लॅस्टिकपेक्षा जुनी आहे, आपल्यापर्यंत यायला वेळ लागला इतकंच.

आणि हाडांशी संबंध तिथेच येतो. आपल्याला वाटतं हाड म्हणजे खडू, कॅल्शियमचा दांडा. तसं नाहीये, हाडात रात्रंदिवस बांधकाम आणि पाडकाम चालू असतं आणि त्याचा मुकादम हार्मोन असतात, त्यात इस्ट्रोजेन मोठा, अगदी पुरुषांमध्ये सुद्धा. बाळाचा सांगाडा आधी कूर्चेचा असतो, सातव्या-आठव्या आठवड्यापासून त्यात हाड भरायला लागतं. हाडाच्या आतल्या मज्जेत ज्या मूळ पेशी असतात त्यांच्यापुढे दोन वाटा असतात, एक हाड बांधणाऱ्या पेशीची आणि एक चरबीच्या पेशीची. प्रयोगशाळेत दिसलंय की काही फ्थॅलेट या पेशींना चरबीच्या वाटेकडे ढकलतात. शिवाय बॉस्टनला गरोदर बायकांमध्ये असं आढळलं की ज्यांच्या लघवीत डीईएचपीचे अंश जास्त त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व थोडं कमी. म्हणजे शंका हवेतली नाही, तिला पाय आहेत.

पण शंका आणि तुझ्या मेसेजमधलं 'हाडं ठिसूळ होतात' यात बरंच अंतर आहे, आणि मेसेज लिहिणारे ते अंतर एका फॉरवर्डमध्ये पार करतात. उंदराला आपण एकच केमिकल ठरलेल्या मापाने देतो, माणसाचं तसं होत नाही. नेदरलँड्सला रॉटरडॅममध्ये 'जनरेशन आर' नावाचा मोठा अभ्यास आहे, २००२ ते २००६ मध्ये जन्मलेल्या मुलांचा. तिथे आयांच्या गरोदरपणातल्या लघवीत बिस्फेनॉल (बीपीए आणि त्याची भावंडं) आणि फ्थॅलेट मोजून ठेवले आणि मुलं सहा आणि दहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या हाडांचं स्कॅन केलं. सगळ्या जगातले असे अभ्यास एकत्र बघितले तर निकाल एका दिशेला जात नाहीत, कुठे हाडांची घनता थोडी कमी, कुठे फरकच नाही, कुठे मुलामुलींमध्ये वेगळं. त्यातल्या त्यात जरा ठाम बोट दाखवता येतं ते पीएफएएसकडे, म्हणजे नॉनस्टिक आणि डाग न पडणाऱ्या कापडाच्या घराण्यातली रसायनं. सिनसिनाटीला गरोदर आयांच्या रक्तात ती मोजली आणि मुलं बारा वर्षांची झाल्यावर हाडं तपासली, तर ज्यांच्या आईत जास्त त्यांची घनता कमी, आणि मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त ठळक. ही मात्र अंगात वर्षानुवर्षं राहतात. म्हणून खरवडलेला नॉनस्टिक तवा असेल तर तो काढ, धिरड्याला बिडाचा तवा वापर, पहिली दोन चिकटतील, तिसरं सुटतं. फरक सरासरीतला आहे हेही लक्षात ठेव, कोणाची हाडं मोडून पडली असं नाही.

तर सासूबाईंचं अर्धं खरं. तुमची हाडं मोडली नाहीत हे बरोबर, पण हाडांची पुंजी तिशीपर्यंत जमा होते आणि तिचा हिशेब साठीनंतर लागतो, तेव्हा 'कुठे मोडली' हे आत्ता विचारून उपयोग नाही. आणि त्यांच्या वेळी प्लॅस्टिक होतं ते बादलीचं, मगाचं आणि कोरड्या डब्यांचं. आमटी पिशवीत बांधून आणायची पद्धत नव्हती, कोणी आणलीच तर घरून किटली नेऊन. पण मसाल्याचे डबे टाकले हे मात्र नवऱ्याचं चुकलंच, त्याला सांग. कोरडा, थंड जिन्नस, मोहरी-जिरं-हळद, त्यात फार काही उतरत नाही. सासूबाईंना तुळशीबागेत घेऊन जा आणि त्यांच्या पसंतीचे स्टीलचे डबे घेऊन दे, खर्च नवऱ्याच्या खिशातून. स्वतःसाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घे, ऑफिसमध्ये एक काचेचा बोल ठेव आणि गरम त्याच्यात कर.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तुझ्या बाळाच्या अंगात जन्माला येताना साधारण तीस ग्रॅम कॅल्शियम असणार आणि त्यातलं ऐंशी टक्के शेवटच्या तीन महिन्यांत जातं. म्हणजे मुख्य बांधकाम अजून व्हायचंय! आणि त्यावर पुरावा शोधायला रॉटरडॅमला जायला नको, आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, त्या काय खातात ते लिहून ठेवलं, आणि पुढे त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर जवळजवळ सातशे मुलांच्या हाडांचं स्कॅन केलं. ज्या आयांच्या जेवणात दूध, दुधाचे पदार्थ, डाळी, पालेभाज्या असं कॅल्शियमचं वारंवार होतं त्यांच्या मुलांची हाडं जास्त भरलेली निघाली. सातव्या महिन्यात ज्यांच्या रक्तात फोलेट, म्हणजे पालेभाज्यांतलं एक ब जीवनसत्त्व, चांगलं होतं त्यांच्या मुलांची घनता पण जास्त. शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या बायका होत्या या, कोणी सप्लिमेंटचे डबे खात नव्हतं. हा निकाल २००६ मध्ये छापून आला, आणि मला वाईट वाटतं की तो कोणी फॉरवर्ड करत नाही.

तुला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. दोन कप दुधात पाचशेच्या आसपास मिळतं, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या पुढे, तिळात तर भरपूर, म्हणून भाकरीला तीळ लाव, तिळाची चटणी ताटात ठेव. वर गोळी आहेच. सरकारी नियमानुसार चौदाव्या आठवड्यापासून पाचशेच्या दोन गोळ्या, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. ती जेवणाबरोबर घे आणि लोहाच्या गोळीबरोबर अजिबात नको, मध्ये दोन तास तरी जाऊ दे, दोन्ही एकदम घेतल्या तर एकमेकींच्या पायात पाय घालतात. आणि ऊन. तू सकाळी कॅबमध्ये, दिवसभर एसीत, संध्याकाळी कॅबमध्ये, ड जीवनसत्त्व येणार कुठून. डबा खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं बाहेर चक्कर मार, दुपारचंच ऊन त्याला लागतं, सकाळचं कोवळं दिसायला छान पण त्यात तो भाग कमी. रक्तातलं ड एकदा तपासून घे, कमी असेल तर तुझी डॉक्टर डोस ठरवेल, मेडिकलवाल्याकडून साठ हजारचं पाकीट आपल्या मनाने आणू नकोस.

प्रश्न : मी लक्ष्मी रोडवर कपड्याच्या दुकानात काउंटरला बसते, तिसरा महिना आहे. दिवसभर बिलाच्या पावत्या फाडून देते. मैत्रीण म्हणाली त्या कागदात पण प्लॅस्टिकचं केमिकल असतं, हे खरं का? दिवाळीत तर दिवसाला तीनशे-चारशे पावत्या होतात. – एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : मैत्रीण हुशार आहे. ज्या गुळगुळीत पावतीवर नखाने ओढलं की काळी रेघ उठते ती थर्मल कागदाची, त्यावर बीपीए किंवा त्याचा भाऊ बीपीएस पावडरसारखा सुटा लावलेला असतो. ग्राहकाने एक पावती खिशात घातली तर काही नाही, पण तुझ्यासारखीने दिवसभर हाताळली तर त्वचेतून थोडं जातं. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे सॅनिटायझर आणि पावती, ओल्या हाताने धरली की कितीतरी जास्त उतरतं, क्रीम लावलेल्या हाताचंही तेच. तेव्हा काउंटरवर सॅनिटायझर नको, साबण-पाण्याने हात धू, विशेषतः डबा खायच्या आधी. पावती मधोमध धरायच्या ऐवजी टोकाला धर, चुरगाळून मुठीत ठेवू नकोस. मालकांना विचार, बिल मोबाईलवर पाठवता येतं का, आजकाल बरीच दुकानं तसं करतात आणि त्यांचा रोलचा खर्च पण वाचतो, हे दुसरं कारण आधी सांग म्हणजे लवकर ऐकतील. दिवाळीच्या गर्दीत पातळ हातमोजे घालून बस, कोणी हसलं तर हसू दे.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची नात सायकलवरून पडली आणि मनगटाजवळ हाड मोडलं. माझी मुलगी स्वतःलाच दोष देते आहे, कारण ती गरोदर असताना आमच्याकडे पाण्याचे प्लॅस्टिकचे जार येत आणि तिने कुठेतरी वाचलं की त्यामुळे मुलांची हाडं कच्ची राहतात. रडते बिचारी. नातीचं डेक्सा स्कॅन, ते हाडांची घनता मोजायचं, करून घ्यावं का? – एक आजोबा, धायरी

उत्तर : काका, मुलीला हे उत्तर वाचून दाखवा. पडल्यावर माणूस हात टेकवतो, आणि मनगटाजवळचं हाड हे मुलांमध्ये सगळ्यात जास्त मोडणारं हाड. परदेशातल्या मोठ्या नोंदी बघितल्या तर साधारण दर तीन मुलांमागे एकाचं तरी मोठं होईपर्यंत काही ना काही मोडतं. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाड लांब होतं पण त्यात भर मागून पडते, त्या एक-दोन वर्षांत हात मोडण्याचं प्रमाण सगळीकडेच चढतं. एका सायकलवरून पडण्यावरून नऊ वर्षांपूर्वीच्या पाण्याच्या जारपर्यंत जाणारा रस्ता कुठल्याच शास्त्रात नाही, आणि एका मुलीपुरता तर तो कोणालाच काढता येणार नाही. स्कॅन आत्ता नको. दहा वर्षांच्या आत हातापायाची लांब हाडं दोनदा मोडली, किंवा मोठा मार न लागता मणका दबला, तर मात्र मुलांच्या हाडांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं. प्लास्टर निघेपर्यंत तिला दूध, नाचणी, अंडं चालत असेल तर अंडं, आणि प्लास्टर निघाल्यावर परत सायकल, हो परत सायकल, कारण हाडाला उड्या आणि धावणं हेच खत आहे, मुलीला तेवढं पटवा.

जारबद्दल म्हणाल तर वीस लिटरचे निळसर कडक जार बरेचदा पॉलिकार्बोनेटचे असतात, खाली त्रिकोणात ७ असतो. गार पाण्यात फार थोडं उतरतं, उकळतं ओतलं तर कित्येक पटीने. जुने, चरे पडलेले, टेम्पोत उन्हात तापलेले जार घेऊ नका. पण धायरीकरांना मी वेगळं काय सांगू, २०२५ च्या जानेवारीत तुमच्याच सिंहगड रोडच्या भागात जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराची, साथ आली तेव्हा बोट पाण्याकडेच गेलं होतं. गरोदर बाईला दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ जिवावर बेतते. त्यामुळे प्लॅस्टिकला घाबरून न उकळलेलं पाणी पिणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळा, निवलं की माठात.

प्रश्न : 'बीपीए फ्री' लिहिलेली महागडी बाटली घेतली, आता निश्चिंत ना? – बाणेर

उत्तर : अर्धी. बऱ्याचदा बीपीए काढून बीपीएस घालतात, आणि ते काही फार वेगळ्या स्वभावाचं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा आधीपेक्षा वीस हजार पटीने खाली आणली, त्यानंतर तिथे खाण्याच्या भांड्यांतून ते काढायचा कायदा झाला, त्यामुळे हा शिक्का आता सगळीकडे दिसणार. तेवढ्याच पैशात स्टीलच्या दोन बाटल्या येतात. आणि एक घोळ सोडवते, साध्या पाण्याच्या बाटलीचं पीईटी प्लॅस्टिक, ज्याच्या नावात टेरेफ्थॅलेट आहे, त्याचा या मऊ करणाऱ्या फ्थॅलेटशी फक्त नावापुरता संबंध, आणि बीपीए त्यात नसतं. तरी ती बाटली गाडीत उन्हात ठेवून महिनाभर भरून वापरायची नाही.

प्रश्न : मला सातवा आहे, अमृततुल्यचा चहा सुटत नाही. कागदी कप तर प्लॅस्टिक नाही ना? – सदाशिव पेठ

उत्तर : आहे. आतून पातळ प्लॅस्टिकचं अस्तर असतं, नाहीतर चहा गळाला असता. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी मोजलं, शंभर मिली गरम पाणी पंधरा मिनिटं अशा कपात ठेवलं तर सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण सुटले. ते बाळाच्या हाडांचं काय करतात हा वेगळा विषय, पण काचेचा ग्लास मागायला काय जातं, बहुतेक ठिकाणी असतो, फक्त धुतात कसा ते एकदा बघून घे. आणि लोहाच्या गोळीनंतर तासभर चहा नको.

प्रश्न : मग पिशवीतलं दूध? – तीच, पुन्हा

उत्तर : ती पिशवी पॉलिथिनची, तिला मऊ करायला फ्थॅलेट लागत नाही. आणल्यावर लगेच पातेल्यात ओत, उन्हात पडू देऊ नकोस, आणि फ्रीजरमधली गोठलेली पिशवी गरम पाण्यात बुडवून सोडवायची सवय असेल तर ती सोड. साय काढून ठेव, सातव्या महिन्यात शिळ्या भाकरीबरोबर ती काय लागते ते मी तुला सांगायला नको.